हवा पाठीवर की अंगाभोवती?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी पिढ्या पोहायला शिकल्या त्या विहिरीत. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, काठावर कुणीतरी थोरल्याने दोर धरायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. डब्याचं काम एकच, पोराला बुडू द्यायचं नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याला समुद्र नाही. मालवणचा किनारा जवळपास पाचशे किलोमीटरवर आहे. तरीही तिथे जाऊन एकदा समुद्राचा तळ पाहिलेल्यांपैकी काहींना त्या पाण्याची ओढ लागते आणि ते रीतसर स्कूबा डायव्हिंग शिकायचं ठरवतात. तेव्हा त्यांच्या पाठीवर जे चढतं, ते त्या डब्यापेक्षा एका बाबतीत अगदी वेगळं असतं. त्यातली हवा पाण्याखाली असतानाच वाढवता येते आणि कमीही करता येते.

या साधनाला बीसीडी म्हणतात, म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. सिलिंडर पाठीला धरून ठेवणारा साज आणि हवेची पिशवी, असं त्याचं ढोबळ रूप. सिलिंडरमधून एक नळी पिशवीला जोडलेली असते. डाव्या हाताशी असलेल्या इन्फ्लेटरचं एक बटण दाबलं की पिशवीत हवा शिरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. खांद्यावर आणि कमरेमागे हवा झटकन सोडण्याच्या झडपा असतात. हवा प्रमाणाबाहेर भरली गेली, तर पिशवी फाटू नये म्हणून एक झडप आपोआप उघडते.

बीसीडीचे हे भाग सगळीकडे सारखेच. फरक पडतो तो पिशवी अंगाच्या कोणत्या बाजूला आहे यावर. दुकानातला रंग, खिसे, कंपनीचं नाव यांच्या गर्दीत नेमका हाच प्रश्न मागे पडतो.

पाणी खाली ओढतं, पाणीच वर ढकलतं

पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं. वेटसूटच्या स्पंजासारख्या कापडात हवेचे बारीक बुडबुडे असतात. ते दबतात आणि सूट माणसाला पूर्वीइतका उचलून धरत नाही. खाली जाणारा डायव्हर जड होत जातो. बीसीडीत थोडी हवा घेऊन त्याने ती तूट भरून काढायची असते, म्हणजे तो ना खाली जातो ना वर, अधांतरी राहतो.

वर येताना हेच उलटं घडतं. दहा मीटरवर पिशवीत दोन लिटर हवा असेल, तर पृष्ठभागाशी ती चार लिटर जागा मागते. वाटेत ती सोडली नाही तर माणूस वेगाने वर फेकला जातो. सावकाश, साधारण मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर या, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात ते यासाठी. वेगाने वर येणाऱ्याने श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांना धोका पोहोचतो.

तिसरी गोष्ट सिलिंडरची. जगभर सर्रास वापरला जाणारा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो आणि २०७ बार दाबाने भरतात. त्यातल्या हवेचं वजन अडीच किलोंच्या आसपास भरतं. भरलेला सिलिंडर समुद्रात अर्धा-पाऊण किलोने जड असतो; तोच रिकामा झाला की सुमारे दोन किलोंनी वर उचलू लागतो. डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर थांबायचं असतं नेमकं तेव्हाच सिलिंडर हलका झालेला असतो. म्हणून खाली जाता यावं यासाठी कमरेला बांधलेलं शिसं असं हिशेबात घ्यायचं, की सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, पिशवी जवळजवळ रिकामी ठेवून, पाच मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

हे आकडे बीसीडी निवडताना थेट उपयोगी पडतात. सिलिंडरचा बदल अडीच किलोंचा, तीन मिलिमीटरच्या पातळ वेटसूटचा बदल आणखी दोनेक किलोंचा. शिशाचं वजन बरोबर असेल, तर कोकणच्या कोमट पाण्यात बीसीडीला पाण्याखाली चार-पाच किलोच सांभाळायचे असतात. पृष्ठभागावर डोकं निवांत पाण्याबाहेर राहावं म्हणून वर थोडी जास्तीची क्षमता लागते. एका सिलिंडरसाठी बारा ते पंधरा किलो उचलणारी पिशवी भरपूर झाली. मोठी पिशवी म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. मोठ्या पिशवीचं ढिलं कापड पाण्यात अडसर करतं आणि त्याच्या घड्यांत हवा अडकून राहते.

गळ्यापासून पाठीपर्यंतचा प्रवास

झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये अॅक्वालंग तयार केलं, तेव्हा बीसीडी नव्हतीच. सुरुवातीचे डायव्हर शिशाचं वजन आणि फुप्फुसातली हवा यांवरच तोल सांभाळत. १९६१ मध्ये मॉरिस फेंझी या फ्रेंच गृहस्थांनी गळ्यात अडकवायच्या फुगणाऱ्या कॉलरचं पेटंट घेतलं. जीवरक्षक जॅकेटचाच तो वारसा होता. पृष्ठभागावर ती माणसाचं तोंड आकाशाकडे ठेवी. पण पाण्याखाली सगळी हवा मानेपाशी गोळा झाल्याने डायव्हर उभा राही आणि पाय खाली लोंबकळत.

१९७० च्या दशकात स्कूबाप्रो कंपनीने बाह्या नसलेल्या कोटासारखं ‘स्टॅबिलायझिंग जॅकेट’ बाजारात आणलं. हवा खांदे, बगला आणि पाठ अशी अंगाभोवती फिरू लागली. आज जगभरातल्या डायव्हिंग शाळांत दिसणारं जॅकेट त्याचाच वंशज. त्याच सुमाराला उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणारे डायव्हर स्वतःच्या गरजेपोटी वेगळंच काही जोडत होते. धातूची ताठ पट्टी पाठीला, एकसंध पट्ट्याचा साज, आणि पट्टी व सिलिंडर यांच्यामध्ये पंखासारखी पिशवी. गुहेच्या तळाचा गाळ ढवळला गेला तर परतीची वाट दिसत नाही, म्हणून त्यांना अंग अगदी आडवं ठेवायचं होतं.

आजच्या बाजारातले सगळे प्रकार या दोन घराण्यांतले किंवा त्यांच्या मिश्रणातून आलेले आहेत.

जॅकेट

शिकताना बहुतेकांना हेच मिळतं आणि त्याला कारण आहे. पृष्ठभागावर जॅकेट फुगवलं की माणूस सरळ उभा तरंगतो. नाकातोंडात पाणी जाण्याची भीती ज्याला अजून सोडून गेलेली नाही, त्याला हा मोठा आधार असतो. खिसे मोठे, बकल सोपे, घालणं-काढणं सोपं.

उणीव पाण्याखाली जाणवते. हवा बगलांत आणि पोटाशीही असल्याने काहींना अंग आडवं ठेवणं जड जातं. पूर्ण फुगवल्यावर ते छातीला आवळतं. मापाचं नसेल तर श्वास अपुरा वाटतो. सैल असेल तर पृष्ठभागावर कानापर्यंत वर सरकतं. लहान, मध्यम, मोठं अशा ठरावीक मापांत मिळत असल्याने ठेंगण्या किंवा कृश माणसाला नेमकं बसेलच असं नाही. अनेक कंपन्या स्त्रियांसाठी धडाची लांबी आणि छातीवरच्या पट्ट्यांची जागा बदललेली जॅकेटं काढतात. ती घालून पाहिल्याशिवाय पुरुषांच्या मापातलं लहान जॅकेट पत्करू नये.

पाठीवरची पिशवी

दुसऱ्या प्रकारात सगळी हवा पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना असते. पुढची बाजू मोकळी, छातीवर दाब नाही. पाण्याखाली पाठ वरून उचलून धरल्यासारखी राहते आणि अंग सहज आडवं होतं. आडवं अंग म्हणजे पाण्याचा विरोध कमी, पाय मारण्याचे कष्ट कमी आणि त्यामुळे हवेचा खर्चही कमी.

याचीही एक खोड आहे. पृष्ठभागावर पिशवी पूर्ण भरली की ती माणसाला पुढे, तोंडावर झुकवू पाहते. हवा बेताची भरली, किंचित मागे रेललं आणि थोडं शिसं पाठीकडच्या खिशांत ठेवलं की हा त्रास जवळपास संपतो. थोड्या सरावाने ते अंगवळणी पडतं.

याच घराण्यातली मूळ आवृत्ती म्हणजे बॅकप्लेट आणि विंग. प्लेट, पट्टा आणि पिशवी हे तीन भाग वेगवेगळे घेऊन जोडायचे. पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच पट्टा आपल्या अंगावर बेतून बसवायचा. म्हणून सहा फुटी माणसालाही बसतो आणि पाच फुटी बाईलाही. पोलादी प्लेटचं वजन अडीच-तीन किलो भरतं. तेवढं शिसं कमरेवरून उतरतं आणि पाठीच्या मधोमध, फुप्फुसांच्या वर येतं, तोल सुधारतो. अॅल्युमिनियमची प्लेट किलोभराची. विमानाने जाणाऱ्याला ती सोयीची. पायांमधून येणारा पट्टा साज वर सरकू देत नाही. फाटेल, झिजेल तो भाग तेवढा बदलता येतो. पण पट्टे नीट बसवायला जाणकार माणूस बाजूला हवा आणि पहिल्या एक-दोन डाइव्हनंतर ते पुन्हा सारखे करावे लागतात. हा खटाटोप न आवडणाऱ्यांसाठी मऊ पाठीची, तयार बकलांची आवृत्ती मिळते.

याशिवाय साइडमाउंट. यात सिलिंडर पाठीवर नसतात, दोन्ही कुशींना अडकवलेले असतात. अरुंद गुहांतून सरकणाऱ्यांनी घडवलेली ही पद्धत पाठदुखी असलेल्यांना सोयीची ठरते, कारण जड सिलिंडर पाठीवर घेऊन होडीवर चालावं लागत नाही. ते पाण्यात उतरल्यावर एकेक करून अडकवता येतात. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

मालवणच्या पाण्यात

महाराष्ट्रात रीतसर शिकायचं तर बहुतेकांचा रस्ता मालवणजवळच्या तारकर्लीकडे जातो. राज्य पर्यटन विकास महामंडळाने तिथे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड अॅक्वाटिक स्पोर्ट्स’ ही संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. खास डायव्हिंगसाठी बांधलेल्या खोल तलावात आधी सराव, मग समुद्र, अशी तिथली रीत.

सुट्टीत येणारा पर्यटक जी हौशी डुबकी घेतो, तिच्यात त्याला स्वतः काहीच सांभाळायचं नसतं; प्रशिक्षक त्याला धरून खाली नेतो आणि वर आणतो. कोर्सला बसल्यावर मात्र तोल ज्याचा त्याने राखायचा असतो आणि मालवणात त्याची चूक दुसऱ्या कुणाला तरी भोवते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी उथळ आहे आणि त्याच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. हा भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून इथे प्रवाळांची पुनर्लागवडही झाली. जास्त शिसं बांधलेला आणि ते पेलायला पिशवी फुगवून तिरपा पोहणारा डायव्हर पायातल्या फिन्सने गाळ उडवतो. तो गाळ प्रवाळांवर बसतो. फिनचा एक फटका वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडतो. उथळ पाण्यात हे सांभाळणं अधिक कठीण असतं, कारण हवेच्या आकारमानाचा सर्वांत मोठा फेरबदल पहिल्या दहा मीटरांतच होतो.

पुढच्या टप्प्यावर पाणी बदलतं आणि साधनाचा विचारही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं अँग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. त्याचा माथाच वीस मीटरहून खोल आहे. तिथे खुल्या समुद्रात, प्रवाहात उतरायचं, तर अंगाला चिकटून बसणारा, फारसा न फडफडणारा साज बरा. निवतीच्या समुद्रात, जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका बुडवून डायव्हरांसाठी खुली करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायला स्वतंत्र प्रशिक्षण लागतं. अशा ठिकाणी लोंबकळणारे खिसे आणि नळ्या अडकतात. पाठीवरच्या विंगची साधी, आटोपशीर मांडणी तिथे उजवी ठरते.

गोड्या पाण्याचा हिशेब

अहिल्यानगरच्या डायव्हरला जवळचं पाणी गोडं असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड, त्यामुळे ते माणसाला जास्त उचलतं. साहित्यासकट शंभर किलो वजनाचा डायव्हर मालवणला जेवढं शिसं बांधतो, त्यापेक्षा सुमारे अडीच किलो कमी त्याला गोड्या पाण्यात पुरतं. मालवणचाच पट्टा कमरेला लावून तो गोड्या पाण्यात उतरला, तर ते जादा वजन पेलायला पिशवीत अडीच लिटर हवा विनाकारण वागवावी लागते. पोलादी प्लेट घेणाऱ्याने हे आधी मोजावं. तिचं वजन पाण्याखाली काढून टाकता येत नाही. पातळ सूट घालून गोड्या पाण्यात उतरणाऱ्या सडपातळ माणसाला ती जड होऊ शकते.

उंचीचाही प्रश्न आहे. प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचा भंडारदऱ्याचा जलाशय समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच आहे. तीनशे मीटरच्या वरच्या पाण्यात डाइव्हची कोष्टकं बदलतात, कारण तिथे हवेचा दाबच कमी असतो. परवानगी आणि जाणता प्रशिक्षक यांच्याशिवाय धरणाच्या पाण्यात कुणी उतरू नये. मालवणहून परतताना घाट चढून साडेसहाशे मीटर उंचीवरच्या नगर शहरात यायचं असतं. म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र किनाऱ्यावर काढूनच निघावं.

एक गोष्ट या जिल्ह्यात ठासून सांगायला हवी. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ, प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. धरणातून सुटलेलं वाहतं पाणी केवढं घातक असतं, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिलं. बीसीडी कोणत्याही प्रकारची असो, ती जीवरक्षक जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी ती देत नाही आणि प्रवाहात पडलेल्याच्या उपयोगाची नाही. स्कूबा येणाऱ्यानेसुद्धा नदीच्या पुरात तिच्या भरवशावर उडी घेऊ नये.

विकत घेण्याआधी

कोर्स संपेपर्यंत बीसीडी विकत घेण्याची गरज नसते. शाळेचं जॅकेट वापरून शिकावं. त्यानंतरच्या काही डाइव्हमध्ये प्रशिक्षकाकडे पाठीवरच्या पिशवीचा साज मुद्दाम मागावा आणि एकाच ठिकाणी, एकाच खोलीवर दोन्ही वापरून पाहावेत. दुकानात घालून पाहताना पट्टे आवळून पिशवी पूर्ण फुगवावी आणि खोल श्वास घ्यावा. छाती अडली तर ते माप आपलं नाही. खांद्याला धरून वर ओढलं असता दोन-तीन बोटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. डोळे मिटून हवा सोडायच्या सगळ्या झडपांच्या दोऱ्या हाताला सापडल्या पाहिजेत. शिशाचे खिसे एका ओढीत सुटतात का, हेही पाहावं.

देखभालीत कसूर नको. प्रत्येक डाइव्हनंतर बाहेरून आणि पिशवीच्या आतूनही गोड्या पाण्याने धुवावं. आत राहिलेल्या मिठाचे खडे पिशवीला बारीक भोकं पाडतात आणि इन्फ्लेटरचं बटण अडकवतात. पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद होतं. त्या काळासाठी बीसीडी अर्धवट फुगवून सावलीत टांगावी; नगरच्या उन्हात गच्चीवर वाळत घातली तर कापडाचा जीव जातो. हंगामाआधी रात्री पूर्ण फुगवून ठेवावी आणि सकाळी तेवढीच टणक आहे का, ते पाहावं.

वर्षातून एकदा सुट्टीत दोन-चार डाइव्ह करणाऱ्याने बीसीडी घेऊच नये. मास्क आणि फिन्स स्वतःचे घ्यावेत, बाकी भाड्याने. पृष्ठभागावर धीर सुटणाऱ्याला अंगाला नेमकं बसणारं जॅकेट योग्य. ज्याला मालवणनंतर कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान, अँग्रिया असं पुढे जायचं आहे, त्याने पाठीवरच्या पिशवीकडे वळावं. शक्यतो अॅल्युमिनियमची किंवा मऊ प्लेट आणि बारा ते पंधरा किलोंची विंग. आणि निवड कोणतीही झाली, तरी पहिल्या डाइव्हला प्रशिक्षकासमोर शिशाचं वजन नव्याने तपासून घ्यावं, पाणी बदललं की पुन्हा तपासावं आणि तो आकडा आपल्या डाइव्हच्या वहीत लिहून ठेवावा.